पसरलेला कॅन्सर लवकर शोधणारे फ्लुरोसंट नॅनोप्रोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॅन्सर पसरायला लागला की लगेच चमकून दाखवणारे कण निघालेत’ असा एक मेसेज कोल्हापुरात गटागटांतून फिरतोय. लोक तो मला पाठवतात आणि खाली प्रश्न जोडतात. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नव्हे. इथं शास्त्र सांगितलंय. उपचार तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. घरात पेशंट आहे आणि घाई आहे अशांनी आधी ५ वा प्रश्न वाचावा.

१. नॅनोप्रोब म्हणजे नेमकं काय असतं?

पाच-सहा नॅनोमीटरपासून शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंतचा कण. आपली एक पेशी साधारण १०,००० नॅनोमीटरची असते, म्हणजे तिच्यापुढे हा कण अगदीच चिल्लर. आत प्रकाश देणारा पदार्थ असतो, त्याभोवती शरीराला चालेल असं सिलिकाचं, अल्ब्युमिनचं किंवा पॉलिमरचं आवरण, आणि बऱ्याचदा सगळ्यात बाहेर कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा एखादा रेणू. ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की कण तो शोषतो आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. जांभळ्या दिव्याखाली नोट धरली की तिच्यावरचे आकडे चमकतात, तोच हा गुण. फरक इतकाच, की इथं चमक डोळ्यांना नाही, खास कॅमेऱ्याला दिसते.

२. कॅन्सरची पेशी कुठली आणि चांगली कुठली, हे कणाला कळतं कसं?

कळत काहीच नाही. तो रक्ताबरोबर सगळीकडे फिरतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईगडबडीत वाढलेल्या आणि गळक्या असतात, त्यातून काही कण झिरपून तिथं अडकतात. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली हे मांडलं. दुसरा मार्ग चिकटण्याचा: काही कॅन्सरच्या पेशींवर फोलेट या जीवनसत्त्वासारख्या पदार्थाला धरणारे रिसेप्टर फार जास्त असतात, तेव्हा कणाच्या अंगावर तोच पदार्थ लावायचा.

कागदावर हे झकास दिसतं. पण २०१६ साली मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्या कणांचं प्रमाण ०.७ टक्के निघालं, तेही मध्यक, म्हणजे निम्म्या प्रयोगांत याहूनही कमी. बाकीचा बराचसा माल यकृत आणि प्लीहा गिळतात. मेसेजमध्ये हा आकडा कधीच नसतो.

३. पेट स्कॅन काढलाय, त्यात काही नाही. मग आणखी कसला शोध?

पेट स्कॅनला साधारण पाच-सहा मिलिमीटरच्या आतलं भरवशानं दिसत नाही. आणि १ घन मिलिमीटर गाठीत सुमारे दहा लाख पेशी मावतात. म्हणजे स्कॅन ‘क्लिअर’ असतानाही काही लाख पेशींची वस्ती कुठंतरी बसलेली असू शकते. लसिका ग्रंथीत (लिम्फ नोड, काख-मानेत असतात तशा गाठी) ०.२ ते २ मिलिमीटरचा ठिपका सापडला तर पॅथॉलॉजिस्ट त्याला मायक्रोमेटास्टॅसिस म्हणतात. आज तो ग्रंथी कापून काढून, तिच्या पातळ चकत्या करून, मायक्रोस्कोपखालीच दिसतो. हा ठिपका बाहेरूनच दिसावा, एवढ्यासाठी नॅनोप्रोबचा खटाटोप चाललाय.

४. अंगाच्या आतला उजेड बाहेर दिसेल कसा?

रात्री दिवे घालवा आणि मोबाईलचा टॉर्च बोटांवर घट्ट दाबा. बोटं लाल दिसतील. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्तानं खाल्ला, लाल तेवढा पलीकडे आला. पण बोटातलं हाड मात्र दिसणार नाही, कारण आलेला प्रकाश वाटेत विखुरला गेला.

शास्त्रज्ञ या दोन्ही अडचणींतून वाट काढतात ती लालच्याही पलीकडे जाऊन. ८०० नॅनोमीटरच्या आसपास रक्त प्रकाश कमी खातं. १,००० ते १,७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात विखुरणंही कमी होतं आणि ऊतींची स्वतःची चमक जवळपास नाहीशी होते, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. अर्बियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं घातलेले कण ९८० नॅनोमीटरचा लेसर घेऊन १,५०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश देतात. साध्या कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चिप एवढ्या पुढचं पाहू शकत नाही. त्याला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा सेन्सर लागतो, आणि तो महाग असतो.

एवढं करूनही खोली मिळते ती काही मिलिमीटर ते फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. हे लक्षात ठेवा, ६ व्या प्रश्नात पुन्हा लागेल.

५. आईच्या छातीत गाठ निघालीय. ही नॅनोप्रोबची तपासणी कोल्हापुरात कुठं होते? खर्च किती? महात्मा फुले योजनेत बसते का?

कोल्हापुरात होत नाही. पुण्यात, मुंबईत नाही, आणि अमेरिकेतही पैसे भरून करून मिळत नाही. पसरलेला कॅन्सर शोधायला फ्लुरोसंट नॅनोप्रोब अजून संशोधनातच आहेत. कुणी ‘आमच्याकडे आहे’ म्हणून आकडा सांगत असेल, तर पावती कशाची देणार, एवढंच विचारा.

आईसाठी आज जे लागतं ते सगळं ठरलेलं आहे: तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी, जाड सुईची बायोप्सी, त्यावर रिसेप्टरच्या चाचण्या, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅन. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून आधीच विचारून घ्या. बिल झाल्यावर नको. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात जायचं, खासगीत जायचं की महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात, हा निर्णय घराच्या सोयीनं घ्या. पण ‘ते चमकणारं तंत्र येईपर्यंत थांबू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मला असे दोन-तीन मेसेज खरंच आलेत, आणि या पानावर सगळ्यात जास्त काळजी मला त्यांचीच वाटते.

६. मग बातमी खोटी होती का? ‘एमआरआयच्या आधी कॅन्सर सापडला’ असं लिहिलं होतं.

बातमी खरी, पण उंदरांची. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात प्रभास मोघे, विद्या गणपती आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हे काम प्रसिद्ध केलं. उंदरांत स्तनाचा कॅन्सर वाढवला, अल्ब्युमिनचं आवरण दिलेले दुर्मीळ मृदांचे कण शिरेतून सोडले, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी, हाडं अशा ठिकाणी बसलेले बारीक ठिपके एमआरआयला दिसायच्या आधी टिपले. काम उत्तम आहे, मी वर्गात शिकवते.

पण उंदीर पाठीपासून पोटापर्यंत दोन-तीन सेंटिमीटरचा. त्याचा कुठलाच अवयव प्रकाशाच्या टप्प्याबाहेर नाही. माणसाचं यकृत, मणके, फुप्फुसाचा गाभा त्वचेपासून कितीतरी आत. म्हणून माणसात या तंत्राचा पहिला खरा उपयोग बाहेरून अंग स्कॅन करण्यात होईल असं मला वाटत नाही. तो होईल तो ऑपरेशन टेबलावर, जिथं पोट किंवा काख उघडलेली असते आणि कॅमेरा थेट आत बघू शकतो. किंवा दुर्बिणीच्या टोकाशी. किंवा काख-मान अशा उथळ जागी.

७. माणसांवर काहीच झालेलं नाही का?

झालंय. कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेले सहा-सात नॅनोमीटरचे सिलिकाचे कण, त्यांना ‘सी डॉट’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात ते मोजक्या रुग्णांना दिले, २०१४ साली निकाल आले: कण बहुतांश लघवीवाटे बाहेर पडले, गंभीर त्रास दिसला नाही. पुढे डोक्या-मानेवरच्या मेलॅनोमासारख्या (हा त्वचेचा कॅन्सर) कॅन्सरमध्ये पहिली लसिका ग्रंथी शोधायला ते वापरून पाहिले. चाचण्या छोट्या आहेत, बाजारात काही आलेलं नाही.

बाजारात आलेत ते फ्लुरोसंट रेणू. हे नॅनोकण नव्हेत, आणि मेसेजवाले दोन्हींची खिचडी करतात. अमेरिकेत पॅफोलासियानिनला २०२१ मध्ये अंडाशयाच्या आणि २०२२ मध्ये फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. पेगुलिसियानिनला २०२४ मध्ये स्तनाची गाठ काढल्यावर मागे काही राहिलंय का हे बघण्यासाठी. एक गंमत: पॅफोलासियानिन फोलेट रिसेप्टरला चिकटतं, म्हणून ते द्यायच्या आधी ४८ तास फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. नाहीतर गोळीच जागा अडवून बसते.

८. डॉक्टर म्हणाले ‘निळं औषध टोचून काखेतली गाठ बघू’. हेच का ते?

ते नाही, पण हेतू तोच, आणि हे इथं आज होण्यासारखं आहे. गाठीकडून निघालेली लसिका काखेत ज्या ग्रंथीत आधी पोचते ती सेंटिनल ग्रंथी. कॅन्सर लसिकेवाटे निघाला असेल तर बहुतेक वेळा पहिला मुक्काम तिथं. भूल दिल्यावर सर्जन स्तनाग्राच्या भोवती मेथिलीन ब्ल्यू टोचतात, चार-पाच मिनिटं हातानं चोळतात, आणि काखेत लहान छेद घेऊन निळी झालेली बारीक नळी शोधतात. तिच्या मागं मागं गेलं की निळसर ग्रंथी सापडते. ती काढून पॅथॉलॉजीला जाते. तिच्यात काही नसेल तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथींना हात लावायचा नाही, म्हणजे पुढं हात सुजण्याचा त्रास पुष्कळ टळतो.

निळ्या रंगाच्या जोडीला काही ठिकाणी किरणोत्सारी टेक्नेशियमचं कोलॉइड देतात. ते स्वतः नॅनोकणच असतात, फक्त चमकत नाहीत, यंत्रावर टिकटिकतात. काही ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन वापरतात. हा रंग १९५० च्या दशकापासून वापरात आहे, ८०० नॅनोमीटरच्या दिव्याखाली ८३० च्या आसपास चमकतो, आणि कातडीवरूनही लसिकेची रेघ सरकताना पडद्यावर दिसते. तुमच्या दवाखान्यात तो कॅमेरा आहे का हे विचारायला हरकत नाही. नसेल तर त्या कॅमेऱ्यासाठी अडून बसू नका.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते. नातेवाईक घाबरतात. घाबरू नका.

९. काखेत अवधाण (ग्रंथीची सूज) आलंय. म्हणजे पसरला का?

नुसत्या अवधाणावरून नाही सांगता येत. हाताला जखम, पुळी, लस, काहीही कारण असू शकतं. आणि आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही: टीबीची ग्रंथी पेट स्कॅनवरही कॅन्सरसारखी पेटते. नॅनोप्रोबही यातून सुटलेले नाहीत, कारण सूज असलेल्या जागी रक्तवाहिन्या गळक्या असतातच आणि तिथल्या पांढऱ्या पेशी कण गिळून बसतात. चमकली म्हणून कॅन्सर, असं होणार नाही. सुई घालून पेशी बघाव्याच लागतील.

१०. पण सुई घातली की कॅन्सर पसरतो म्हणतात. म्हणून तर आम्ही चमकणाऱ्या तपासणीची वाट बघतोय.

हा समज आपल्याकडे हट्टाने टिकून आहे. स्तन, मान, तोंड, काख इथल्या बायोप्सीनं आजार वाढत नाही. बायोप्सी टाळल्यानं मात्र वाढतो, कारण मधले महिने फुकट जातात.

अपवाद आहेत, ते सांगायलाच हवेत. वृषणात गाठ असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत, मांडीच्या सांध्याकडून शस्त्रक्रिया करून ते काढतात. हाडाच्या सार्कोमाची (हाडातच सुरू होणारा कॅन्सर) बायोप्सी पुढं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच, त्याला सोयीच्या वाटेनं करायची, कारण सुईची वाट नंतर गाठीबरोबर काढावी लागते. यकृताच्या काही गाठींत स्कॅनवरच निदान पक्कं होतं. हे सगळं डॉक्टरांना ठाऊक असतं.

११. नवरा तंबाखू खातो, जिभेला जखम आहे. तोंडाच्या कॅन्सरला याचा उपयोग?

निपाणीचा तंबाखू आणि घरोघरची मिश्री यांच्या मधोमध राहणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. तोंडाचा कॅन्सर आधी मानेतल्या ग्रंथींत जातो. हाताला आणि स्कॅनला मान साफ लागली तरी २० ते ३० टक्के रुग्णांत तिथं लपलेला आजार असतो. मग मानेचं ऑपरेशन आधीच करायचं, की गाठ दिसल्यावर? याचं उत्तर टाटा मेमोरियलनं दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं २०१५ साली ५०० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले: आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

म्हणून आज मान आधीच साफ करतात. पण याचा अर्थ असाही, की दहांतल्या सात-आठ जणांच्या मानेत काही नसताना ती उघडली जाते. आजार कुणाच्या मानेत आहे हे आधी कळलं तर बाकीच्यांचं ऑपरेशन वाचेल. सेंटिनल ग्रंथीची पद्धत इथंही चालते असं फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांनी २०२०-२१ मध्ये दाखवलं. अडचण जिभेखालच्या जागेची: ग्रंथी गाठीला इतकी खेटून असते की किरणोत्सारी टोचणीच्या झगझगाटात ती वेगळी ओळखता येत नाही. चमकणाऱ्या प्रोबचा फायदा होईल तो इथंच, आणि मला विचाराल तर आपल्या भागात या संशोधनाकडे बघायचं खरं कारण हेच.

जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. या आठवड्यातच.

१२. लवकर कळलं म्हणजे माणूस वाचणारच ना?

दरवेळी नाही. इटलीत स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर काही बायकांचे वारंवार हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे काढले, काहींची फक्त नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी ठेवली. अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल १९९४ साली आले: जगण्यात फरक नाही. पसरलेलं थोडं आधी कळलं, एवढंच. म्हणजे काळजीचे महिने वाढले. उपचार तेव्हापासून खूप सुधारलेत, म्हणून हा निकाल कायमचा धरू नये. पण नवीन प्रोबलाही हीच परीक्षा द्यावी लागेल: ठिपका सापडला, मग काय बदललं?

कधी उत्तर उलटंही येतं. लहान गाठ, ती काढून स्तनाला रेडिएशन, आणि एक-दोन सेंटिनल ग्रंथींत कॅन्सर, अशा बायकांची काख पूर्ण साफ केली नाही तरी दहा वर्षांनंतर जगण्यात तोटा दिसला नाही (२०१७). मिळेल तेवढं शोधून मिळेल तेवढं कापायचं, हे धोरण मागं पडत चाललंय.

१३. हे कण अंगात राहतात का? विषारी असतात?

कणावर अवलंबून. साधारण सहा-सात नॅनोमीटरपर्यंतचे मूत्रपिंडातून गाळून जातात. त्याहून मोठे यकृतात आणि प्लीहेत अडकतात, काही महिनोन्‌महिने. क्वांटम डॉट, ज्यांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते चमकण्यात अव्वल. पण त्यांतल्या पुष्कळांत कॅडमियम असतं, म्हणून माणसाच्या शिरेत सोडायला कुणी धजत नाही.

आज वापरातल्या रंगांचंही सांगते: इंडोसायनिन ग्रीनमध्ये आयोडीन असतं, तशी अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. मेथिलीन ब्ल्यू गरोदरपणी टाळतात, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं. गोळ्यांची चिठ्ठी लपवू नका.

१४. रक्ताच्या एका थेंबात ‘नॅनो टेस्ट’ करून कॅन्सर सांगतो म्हणणारे आलेत. खरं?

एका थेंबात नाही. खरी गोष्ट अशी: रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी मोजायची एक पद्धत अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, अँटिबॉडी लावलेल्या लोहाच्या नॅनोकणांनी पेशी चुंबकाकडे ओढतात, मग फ्लुरोसंट रंगांनी ओळखतात. म्हणजे नॅनो आणि चमक दोन्ही आहेत, पण नळीत, अंगात नाही. आणि ती ज्यांचा कॅन्सर पसरलाय हे आधीच माहीत आहे त्यांचा पुढचा अंदाज बांधायला. निरोगी माणसाला कॅन्सर आहे का हे सांगायला नव्हे.

१५. चाचणीत भाग घ्यायचा असेल तर?

भारतात औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी यादीत नोंद सक्तीची आहे. आजाराचं नाव घालून कुणालाही शोधता येतं. संमतिपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, मराठीत मागा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई आयोजकांकडे. ज्या औषधाची चाचणी चाललीय त्याचेच पैसे कुणी मागत असेल तर ती चाचणी नव्हे, धंदा आहे.

१६. मुलीला यात संशोधन करायचंय. कोल्हापूर सोडावं लागेल का?

सुरुवातीला तरी नाही. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा वेगळा अधिविभाग आहे, रसायन आणि भौतिकशास्त्रातही नॅनोपदार्थांवर वर्षानुवर्षं काम चालतं. कण बनवणं, त्यांचा आकार आणि चमक मोजणं इथं शिकता येतं. प्राण्यांवरच्या आणि रुग्णांवरच्या टप्प्यासाठी पुढं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी जावं लागेल. नॅनो औषधं तपासण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आलीत, ती तिला आत्ताच वाचायला सांगा. आणि जीवशास्त्र सोडू देऊ नका. चमकणारे कण बनवणारे पुष्कळ आहेत, ते लसिका ग्रंथीत गेल्यावर काय होतं हे समजणारे कमी.